मुंबईचं बंदर दोन दिवसांत: फोटो कुठे, कधी आणि कसे काढावेत?

मुंबईत दोन दिवसांसाठी येऊन परत जाणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये साधारण तेच फोटो असतात. गेटवेसमोरचा सेल्फी, ताजसमोरचा ग्रुप फोटो, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त आणि बोटीतून काढलेला, क्षितिज वाकडं झालेला समुद्र. फोटो घरी जाऊन पाहिले की वाटतं, जागा एवढी भारी होती, फोटोत ती का दिसत नाही?

दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो, वेळेचा असतो. मुंबईचं बंदर सकाळी जागं होतं आणि पर्यटक तिथे दुपारी पोचतात. शिवाय बंदर ही मुळात कामाची जागा आहे. तिथे मासळीचा लिलाव होतो, जहाजं दुरुस्त होतात, नौदलाचा तळ आहे. त्यामुळे कधी जायचं, कोणाला विचारायचं आणि फोन कुठे खिशात ठेवायचा, या तीन गोष्टी माहीत असल्या की साध्या मोबाईलवरही चांगले फोटो निघतात.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

- बंदर शहराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सकाळचा प्रकाश महत्त्वाचा.
- सूर्यास्तासाठी पश्चिमेचा किनारा, म्हणजे मरीन ड्राइव्ह किंवा गिरगाव चौपाटी.
- निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघावी.
- घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.
- ससून डॉकच्या आवारात फोटोसाठी परवानगी लागते.
- नौदलाची जहाजं आणि गोदी यांचे फोटो काढू नयेत. ड्रोन घरीच ठेवावा.

बंदर नेमकं कुठे आहे?

नकाशात पाहिलं तर दक्षिण मुंबई ही समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आणि पूर्वेला मुख्य भूमी. मुंबई आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जे पाणी आहे, ते मुंबईचं नैसर्गिक बंदर. शहराच्या आडोशामुळे तिथे मोठ्या लाटांचा मारा कमी होतो, म्हणूनच जहाजं तिथे नांगर टाकतात. गेटवे, नौदल गोदी, बॅलार्ड इस्टेट, इंदिरा डॉक, भाऊचा धक्का आणि शिवडी ही सगळी ठिकाणं याच पूर्व किनाऱ्यावर एकामागून एक येतात.

फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. बंदरावर सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी इमारतींच्या मागे जातो. मरीन ड्राइव्हला याच्या उलट घडतं. दोन दिवस हाताशी असतील तर दोन्ही सकाळी बंदरासाठी ठेवाव्यात आणि एक संध्याकाळ मरीन ड्राइव्हला द्यावी.

मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तर मे अखेरीस सहाच्या आसपास. त्याची जागाही बदलते. हिवाळ्यात तो आग्नेयेकडून वर येतो, उन्हाळ्यात ईशान्येकडून. त्यामुळे एखाद्याने डिसेंबरात काढलेला फोटो पाहून मे महिन्यात त्याच जागी उभं राहिलं, तर सूर्य भलत्याच बाजूला दिसतो.

गेटवेचा चेहरा कोणत्या बाजूला आहे?

गेटवे ऑफ इंडिया हे नावाप्रमाणे समुद्रातून येणाऱ्यांसाठी बांधलेलं दार आहे. १९११ मध्ये ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून ते उभारलं गेलं. राजा-राणीला मात्र तेव्हा फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती बघायला मिळाली. पायाभरणी १९१३ ला झाली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार २६ मीटर उंचीची ही कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली.

दाराचा चेहरा समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे. चौकात उभे असलेले पर्यटक ते मागून बघत असतात. त्यामुळे सकाळी चौकातून फोटो काढला की कमान काळी येते. हे कळलं की याच गोष्टीचा फायदा घेता येतो. सूर्योदयाच्या वेळी कमान मुद्दाम काळीच ठेवावी, मागे केशरी आकाश आणि कमानीखालून चालणारा एखादा माणूस घ्यावा. मग मागे वळून ताज हॉटेल बघावं. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलची समुद्राकडची बाजूही पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन थेट त्याच्या दगडांवर पडतं. एकाच जागी उभं राहून दोन वेगळे फोटो मिळतात.

उजळलेला गेटवे हवा असेल तर तो पाण्यातून दिसतो. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडावी आणि बोटीच्या मागच्या बाजूला उभं राहावं. बोट सुटल्यावर सगळे पुढे बघत असतात, पण गेटवे आणि ताज एकत्र दिसण्याची सुरुवातीची काही मिनिटं मागे असतात.

गेटवेच्या चौकात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे फोटोग्राफर दिसतात. पर्यटकांचे फोटो काढून हातात प्रिंट देणं हा त्यांचा व्यवसाय. २०१९ च्या रितेश बत्रा दिग्दर्शित 'फोटोग्राफ' सिनेमात नवाजुद्दीन सिद्दिकीने असाच फोटोग्राफर साकारला होता. मोबाईल आल्यापासून त्यांचा धंदा उतरला आहे. कमान, ताज आणि माणूस एका चौकटीत बसवण्यासाठी कुठे उभं राहायचं हे त्यांना रोजच्या सरावाने ठाऊक असतं. कुटुंबाचा एखादा फोटो त्यांच्याकडून काढून घेतला, तर फोटोत घरातलं सगळ्यात जास्त फोटो काढणारं माणूसही येतं.

भरती-ओहोटीचा फोटोशी काय संबंध?

मुंबईत दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे सकाळी पायऱ्यांना लागलेलं पाणी काही तासांनी एका मजल्याइतकं खाली गेलेलं असतं. एकाच जागेचे दोन फोटो दोन वेगळ्या गावांचे वाटू शकतात.

किनाऱ्यावरचे लोक यासाठी एक जुना हिशोब वापरतात. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. नेमक्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक मोबाईलवरही मिळतं.

याचा उपयोग असा. अष्टमीच्या आसपास सूर्योदयाला पाणी वर असतं, त्यामुळे पाण्यावर डोलणाऱ्या बोटी आणि प्रतिबिंबं मिळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्योदयाला ओहोटी असते, तेव्हा चिखल उघडा पडतो आणि किनाऱ्यालगतच्या होड्या कलंडलेल्या दिसतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी आणखी एक संधी असते. पश्चिमेला सूर्य मावळत असताना पूर्वेला, थेट बंदरावर, पूर्ण चंद्र वर येतो. आकाश पूर्ण काळं होण्याआधीच्या थोड्या वेळात चंद्र आणि बोटी दोन्ही नीट टिपता येतात.

पावसाळ्यातली मोठी भरती मात्र लांबूनच बघावी. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. त्या दिवशी कठड्यावर चढून लाटेसोबत फोटो काढण्याच्या नादात जीव जाऊ शकतो. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडली आणि तिला वाचवायला उतरलेल्या माणसाचाही मृत्यू झाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातली धोकादायक सेल्फीची ठिकाणं निश्चित केली.

घारापुरीच्या बोटीत काय टिपावं?

गेटवेहून घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला, बोटीने सुमारे एक तास लागतो. लेणी साधारण सहाव्या शतकातली असून १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बोटीच्या वरच्या डेकवर थोडे जास्त पैसे देऊन बसता येतं आणि फोटोसाठी तीच जागा चांगली.

बोट हलत असते, त्यामुळे एकच फोटो काढून थांबू नये. एकामागोमाग पाच-सहा काढून त्यातला एक ठेवावा. फोन दोन्ही हातांनी धरून कोपर अंगाला टेकवावेत. कठड्याला टेकवू नयेत, कारण इंजिनाची थरथर फोटोत उतरते. कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा सुरू ठेवल्या की क्षितिज सरळ राहतं. काचेवर खाऱ्या पाण्याचे तुषार बसतात आणि फोटो धुरकट येतात, म्हणून सुती रुमाल हाताशी असावा.

हिवाळ्यात बोटीमागे पांढरे पक्षी येतात. हे स्थलांतर करून आलेले सीगल, म्हणजे कुरव. चिप्स आणि फरसाण फेकून त्यांना जवळ बोलावण्याची सवय प्रवाशांना लागली आहे. तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांना चांगलं नसतं. बोटीमागे ढवळलेल्या पाण्यावर ते तसेही घिरट्या घालतातच, थोडी वाट पाहिली की फोटो मिळतो.

मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला आहे आणि सुमारे सहा मीटर उंचीची प्रसिद्ध त्रिमूर्ती आतल्या दक्षिण भिंतीत आहे. तिच्यावर थेट ऊन येत नाही, बाहेरचा मंद प्रकाश खांबांमधून आत पोचतो. फ्लॅश मारला की तिन्ही चेहरे सपाट दिसतात. फ्लॅश बंद ठेवून, जवळच्या माणसाला बाजूच्या खांबाजवळ उभं केलं, तर मूर्तीचा खरा आकार फोटोत कळतो. ट्रायपॉड वापरायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. वाटेवर माकडं असतात, हातातली पिशवी किंवा बाटली ते सहज पळवतात.

बोटीत लाइफ जॅकेट घालणं टाळू नये. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसं दगावली. जॅकेटमुळे फोटोत कपडे दिसत नाहीत, ही तक्रार त्यापुढे फार छोटी आहे.

ससून डॉकला फोटो काढता येतात का?

कुलाब्यातली ही गोदी १८७५ मध्ये अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी बांधली. आज ती मुंबईतल्या मोठ्या मासळी बंदरांपैकी एक आहे. पहाटे बोटी धक्क्याला लागतात, खलाशी टोपल्या हातोहात वर देतात, बर्फ फुटत असतो, लिलावाची बोली सुरू असते. पापलेट, सुरमई, बोंबील यांचे ढीग लागतात आणि कडेला बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात. फोटो काढणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

पण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली गोष्ट म्हणजे ही जागा बंदर प्राधिकरणाच्या हद्दीत आहे आणि आवारात फोटो काढायला परवानगी लागते. कोणीतरी काढताना दिसलं म्हणून सगळ्यांना चालतं असं नसतं. सुरक्षारक्षकाने थांबवलं तर वाद न घालता फोन आत ठेवावा. परवानगी नसेल तर कॅमेऱ्याशिवायही ती पहाट बघण्यासारखी असते.

दुसरी गोष्ट माणसांची. पहाटेचे ते दोन-तीन तास हीच तिथल्या लोकांची दिवसाची कमाई. ओल्या फरशीवर डोक्यावर पाटी घेऊन धावणाऱ्या बाईच्या वाटेत कोणी फोन घेऊन उभं राहिलं, तर तिचा तोल जाऊ शकतो आणि माल सांडू शकतो. लिलाव चालू असताना फ्लॅश मारणं, मासा उचलून पोज देणं, नाक दाबून रील करणं, हे तिथल्या माणसाच्या घरात शिरून त्याची टिंगल करण्यासारखं आहे. ज्या वासावर रीलमध्ये विनोद होतो, त्याच वासात कोणाच्या तरी मुलांच्या शाळेची फी भरली जाते.

परवानगी असली तरी चेहऱ्याचा फोटो विचारूनच काढावा. "मावशी, एक फोटो काढू का?" किंवा "काका, चालेल ना?" एवढं पुरतं. उत्तर "कशाला?" किंवा "राहू दे" असं आलं की तो नकार समजावा आणि पुढे जावं. होकार मिळाला तर काम थांबवायला सांगू नये, फोटो काढून झाल्यावर दाखवावा. दाखवलेल्या फोटोवर हसू आलं की पुढचा फोटो पहिल्यापेक्षा नेहमीच चांगला येतो.

दरवर्षी १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते. त्या काळात बोटी किनाऱ्याला असतात आणि लिलावाची गर्दी नसते.

गर्दी नको असेल तर कुठे जावं?

रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट. १९१४ मध्ये सुरू झालेल्या अलेक्झांड्रा डॉकसाठी, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकसाठी, जे खोदकाम झालं त्याच्या भरावावर हा भाग उभा राहिला. इथेही आराखडा जॉर्ज विटेट यांचाच. एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, कमानी आणि रुंद पदपथ. आठवडाभर कार्यालयांची वर्दळ असते, रविवारी रस्ता मोकळा मिळतो. उंच इमारतीचा फोटो काढताना फोन वर वाकवला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. त्याऐवजी रस्ता ओलांडून लांब जावं आणि फोन सरळ धरावा.

भाऊचा धक्का हे दुसरं ठिकाण. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांना लोक भाऊ म्हणत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. इथून मोरा, रेवसकडे लाँच सुटतात आणि २०२० पासून मांडव्याला रो-रो बोटही जाते. गाडी नसली तरी त्या बोटीतून जाता येतं. उंच डेकवरून मुंबईची पूर्वेकडची बाजू दिसते, जी बहुतेक पर्यटकांनी कधी पाहिलेलीच नसते. अलिबागला निघालेले चाकरमानी, टोपल्या आणि दुचाक्या हे सगळं त्याच बोटीत असतं.

फोन कुठे खिशात ठेवायचा?

गेटवे आणि बॅलार्ड इस्टेट यांच्यामध्ये नौदल गोदी आहे. घारापुरीच्या वाटेवर युद्धनौका अगदी जवळून दिसतात, पुढे जवाहर द्वीपावरचं तेलाचं ठाणं आणि तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्रही नजरेस पडतं. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार संरक्षण दलांच्या गोद्या, जहाजं यांसारख्या जागा 'प्रतिबंधित ठिकाण' ठरतात आणि त्या कायद्यातल्या 'रेखाचित्र' या शब्दात फोटोही येतो. हेतू वाईट नसला तरी चौकशीत दोन दिवसांच्या सहलीतला एक दिवस जाऊ शकतो.

ड्रोनचं तर नावच नको. ड्रोन नियम २०२१ नुसार आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. त्यातच नौदलाने आपल्या तळांपासून ३ किलोमीटरपर्यंत विनापरवाना ड्रोन उडवायला मनाई केली आहे. गेटवे आणि कुलाबा त्यातच येतात.

१२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर गाडी थांबवून फोटो काढणं हाही गुन्हा आहे. पूल सुरू झाल्यावर सेल्फीसाठी थांबलेल्यांवर पोलिसांनी कारवाई केली होती. फोटो हवा असेल तर चालत्या गाडीत मागे बसलेल्याने काढावा.

फोनमध्ये नेमकं काय करावं?

सूर्योदयाला आकाश पांढरंफट येत असेल तर स्क्रीनवर आकाशाच्या उजळ भागाला बोट लावावं आणि बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढावं. रंग परत येतात. लांबच्या जहाजासाठी डिजिटल झूम टाळावा, साधा फोटो काढून नंतर कापलेला बरा. रात्रीच्या मोडमध्ये फोन काही सेकंद प्रकाश गोळा करतो, त्यामुळे स्थिर ताज छान येतो, पण हलत्या होड्या पुसट होतात. एसी खोलीतून दमट हवेत आल्यावर काचेवर वाफ धरते, ती जाईपर्यंत थांबावं. हिवाळ्यात धुरकं असलं की लांबचं काही दिसत नाही, तेव्हा जवळचे विषय निवडावेत.

पोस्ट करण्याआधी

लहान मुलांचे आणि काम करणाऱ्या माणसांचे चेहरे न विचारता टाकू नयेत. मागे नकळत युद्धनौका आली असेल तर तो फोटो वगळावा. कॅप्शनमध्ये जागेचं खरं नाव लिहावं. 'मुंबई व्हाइब्स'पेक्षा 'भाऊचा धक्का, सकाळी सात, ओहोटी' एवढं लिहिलं तर पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

दोन दिवसांचं वेळापत्रक

शनिवार: सूर्योदयाला गेटवे आणि ताज, नाश्ता करून पहिल्या बोटींपैकी एकीने घारापुरी, दुपारी परत. भर दुपारचं ऊन फोटोसाठी कडक असतं, तो वेळ जेवण आणि आरामाला. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

रविवार: पहाटे ससून डॉक, परवानगी नसेल तर फोनशिवाय. मग बॅलार्ड इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर तासभर. तिथून भाऊचा धक्का आणि वेळ असेल तर मांडव्याची फेरी.

पावसाळ्यात जायचं असेल तर बोटी सुरू आहेत का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि घारापुरीच्या बोटी हवामान बघून सुटतात.